वैशाखातला चिखल

भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण आमच्या आत्याने बहुतेक माझ्या एकटीसाठी राखून ठेवली होती. मी जन्माचीच भित्री. बावखलातल्या हिरव्या पाण्याची मला भीती, माडावरून धाडकन पडणाऱ्या झावळीची भीती, शेजारच्या आळीतल्या लंगड्या कुत्र्याची तर इतकी भीती की तो मला घाबरून पळाला तरी मी उलट्या दिशेने पळत सुटायचे. आत्या हसायची, आई हसायची नाही. आई मुळातच कमी बोलणारी, आणि कमी बोलणाऱ्या माणसाचं हसूही जपून असतं. या सगळ्या भीती पुढे वयाबरोबर गळून पडल्या. एक मात्र राहिली, आणि आज तिच्याबद्दल लिहायचं आहे. ती भीती आईला काही होईल याची होती, आणि ती मला एका संग्रहालयात लागली.

वसईजवळ वटारला आमचं घर वाडीच्या मधोमध होतं. पुढे केळी, मागे पानवेली, कडेला माड, आणि कोपऱ्यात बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं आमचं छोटंसं तळं. पावसाळा संपला की आई आणि आत्या सुकेळी घालायला घेत. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात मांडायची, रोज उलटायची, मधासारखा रंग आला की केळीच्या सुक्या पानात बांधायची. माझं काम माश्या वारायचं. एक माशी वारली की एक सुकेळं तोंडात, असा माझा हिशेब होता आणि आत्याला तो ठाऊक होता. घरात आम्ही आमची बोली बोलायचो. बाहेरच्या माणसाला ती निम्मीच कळायची, म्हणून इथे मी ती सोपी करून लिहिते आहे. आत्याने हे वाचलं असतं तर म्हणाली असती, मी असं कधी बोलले?

त्या घरातला जुना आवाज पंपाचा आणि नवा आवाज टँकरचा. स्टेशनच्या बाजूला इमारती उभ्या राहत होत्या, त्यांना पाणी हवं होतं, आणि आमच्या आळीच्या टोकाच्या वाडीचा मालक मुंबईला राहायचा. त्याने आपल्या विहिरी टँकरवाल्यांना देऊन टाकल्या होत्या. पहाटे कोंबड्याच्या आधी टँकर आरवायचे. घराच्या भिंती थरथरायच्या, फळीवरची भांडी एकमेकांना लागायची. पहिल्या वर्षी आम्ही नुसते वैतागलो. दुसऱ्या वर्षी एके दिवशी जेवताना आत्याने आमटीचा भुरका मारला आणि आईला विचारलं, "मीठ दोनदा घातलंस काय गो?"

आई म्हणाली, "एकदाही नय घातलं. आज विसरले."

सगळ्यांचे हात ताटात थांबले. बाबा उठून विहिरीवर गेले, पोहरा ओढला, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकले आणि परत येऊन जेवायला बसले. गोडं पाणी उपसून संपलं की त्याच्या जागी समुद्र येऊन बसतो, हे आमच्याकडच्या लहान पोरांनाही माहीत असतं. पुढच्या महिन्यात केळीच्या पानांच्या कडा जळल्यासारख्या दिसू लागल्या. बाबा कारखान्यात फिटर होते, पाळीच्या नोकरीत त्यांना अर्ज घेऊन फिरायला वेळ नव्हता. मग आई फिरली. माझी ही न बोलणारी आई घरोघर जाऊन बोलली. अर्जांचं काही झालं नाही, तेव्हा बायकांनी ठरवलं की आळीच्या तोंडाशी रस्त्यात बसायचं आणि टँकर आत जाऊ द्यायचे नाहीत. हात उचलायचा नाही, दगड मारायचा नाही, नुसतं बसायचं.

आमच्या शेजारणीने, फिलूमावशीने, विचारलं, "आणि पोलिसांनी मारलं तर काय करायचं?" फिलूमावशी रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाण्याआधी आमच्याकडे चहा प्यायची आणि जगातला कुठलाही प्रश्न सरळ विचारायची. आई म्हणाली, "ज्यांनी खाल्लाय मार, त्यांनाच विचारू."

म्हणून बसण्याच्या आदल्या दिवशी दहा-बारा बायका भाजीच्या टेंपोत बसून उमेळ्याच्या पलीकडे मिठागरांवर निघाल्या. तिथे मिठाची एक जुनी सरकारी चौकी होती, आणि तिचं गावकऱ्यांनी स्वातंत्र्याच्या लढ्याचं संग्रहालय केलं होतं. ते राखणारे आजोबा तरुणपणी मिठाच्या सत्याग्रहात बसलेले होते. मी शाळेला दांडी मारून आईच्या पदराला धरून गेले. निघताना आत्याने मला हळूच बाजूला घेतलं आणि आपली चुन्याची रिकामी डबी धुऊन माझ्या हातात दिली. "तिथे बरणीत त्या वेळचं मीठ ठेवलंय म्हणतात," ती म्हणाली. "चिमूटभर आण बाय. त्याने तुझ्या आईची दृष्ट काढते. त्या मिठाचे लोक लाठ्या खाऊनही परत आले घरी." मला ते अगदी पटलं. मला त्या दिवशी जगात फक्त त्या मिठाचाच आधार वाटत होता.

चौकी म्हणजे ओटी आणि दोन खोल्या. चहूकडे पांढरी मिठागरं, डोळे दिपवणारं ऊन, आणि आत एकदम अंधार. डोळे सरावले तशी मी किंचाळले. माझ्या समोर एक पोलीस लाठी उगारून उभा होता. तो मातीचा होता, खऱ्या माणसाएवढा, आणि त्याच्या पायाशी एक मातीचाच माणूस मांडी घालून बसला होता. त्याच्या कपाळावरून लाल रंगाचा ओघळ काढला होता. हे पुतळे गणपती करणाऱ्या कारागिराने घडवले होते, त्यामुळे त्या पोलिसाचे डोळे लांबट, शांत आणि भरल्यासारखे होते. देवाचे डोळे आणि हातात लाठी. रागीट डोळे असते तर मला एवढी भीती वाटली नसती. खाली बसलेल्या माणसालाही तसेच डोळे होते आणि त्याचे हात खाली होते. एवढी मोठी लाठी डोक्यावर येते आहे आणि हा हात वर करत नाही! मी आईकडे पाहिलं. ती त्या बसलेल्या माणसाकडे पाहत होती, नवा पदार्थ शिकताना शेजारणीच्या हाताकडे पाहावं तशी. उद्या तिथे आई असणार होती.

आजोबा बुटके, काळेसावळे, डोक्याला टोपी आणि पायाला मिठाच्या भेगा. त्यांनी टकळी दाखवली, टोप्या दाखवल्या, भिंतीवरचे फोटो दाखवले. बायका माना डोलावत होत्या. शेवटी फिलूमावशीने आपला प्रश्न विचारला. आजोबा त्या बसलेल्या पुतळ्याजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आमाला पयलं येकच शिकवलेलं. हात मोकला ठेवाचा नाय. मोकला ऱ्हायला का तो डोक्याव जातो, नायतं दगडाव जातो. दोनी वाईट. तो शेजारच्याच्या हातात द्याचा. त्यानं आपला तुमाला द्याचा. मंग बसा."

"आणि भीती वाटली तर?" हे आईने विचारलं. सगळ्या दिवसात तिने विचारलेला तो एकच प्रश्न.

आजोबांनी दाराकडे पाहिलं, जणू कुणी साहेब येत नाही ना ते बघत असावेत. मग म्हणाले, "खरं सांगू? मी मुतलो. पयली काठी पडाचे आदीच. धोतर भिजलं, खालची जमीन भिजली. लाजंनं उठून पलनार, तं बाजूला चुलता बसलेला. तो बोल्ला, उठू नको. उठलास तं सगल्यांना दिसंल. बसून ऱ्हा."

बायकांनी तोंडाला पदर लावले. फिलूमावशी तर भिंतीला टेकून हसली. आई हसली नाही. मला मात्र हसू सोडाच, घाम फुटला. इतकी भीती वाटणारी गोष्ट माझी आई उद्या आपणहून करणार, आणि हे एवढे म्हातारे गृहस्थही तिला सांगत नाहीत की नको करूस.

मी मिठाची बरणी शोधली. काचेची, लाकडी टेबलावर. आजोबा एकटे सापडल्यावर मी डबी पुढे केली आणि आत्याचा निरोप सांगितला. ते हसले. "तवाचं मीठ कवाच पानी झालं पोरी. दर पावसात होतं. मी नवं भरतो, आपल्याच आगरातलं." माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी बरणी उघडली, मूठभर मीठ काढलं, पण माझ्या हातावर दिलं नाही. मीठ हातावर दिलं की भांडण होतं, हे मिठागरावरचा माणूस कसा विसरेल? त्यांनी ते ओटीच्या दगडावर ठेवलं आणि मी ते तिथून उचलून डबीत भरलं. जुनं नाही तर नाही, त्या लाठीवाल्याच्या शेजारी राहिलेलं तर आहे, अशी मी मनाची समजूत घातली.

परतताना टेंपोत मी आईला म्हटलं, "तू मागे बस हां उद्या. सगळ्यात मागे."

"बघू," आई म्हणाली. आईचं बघू म्हणजे नाही, हे घरात मांजरालाही ठाऊक होतं.

वटारच्या अलीकडे एका मोटारसायकलीने टेंपो अडवला. पांढरा शर्ट, बोटात अंगठ्या. टँकरवाल्यांचा माणूस. तो खाली उतरला, टेंपोच्या फळीवर हात ठेवला आणि अगदी अदबीने बोलला. "काय ताई, सहल झाली का? उद्या ऊन फार आहे म्हणतात. घरीच बसा." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "ही तुमचीच ना? शाळेला कुठल्या रस्त्याने जाते?"

आईने मला मागे ओढलं, त्यात डबी माझ्या हातातून सुटली आणि मीठ फळीवर सांडलं. मीठ सांडलं तर ते देवाघरी पापण्यांनी उचलावं लागतं, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. तो माणूस निघून गेल्यावर मी ओणवी होऊन भाजीच्या पाल्यातून, मातीतून एकेक खडा वेचत राहिले. रडू येत होतं, पण ओल्या पापण्यांनी देवाघरी मीठ विरघळेल म्हणून मी डोळे कोरडे ठेवले. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा माझा जीव जात होता.

दिवेलागणीला आत्याने आईला पाटावर बसवलं. ते मातकट मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन तिने तीनदा ओवाळलं आणि चुलीत टाकलं. मीठ तडतडलं. मिरच्या जळल्या, काळ्या झाल्या, आणि ठसका आला नाही. आम्ही सगळ्या वाट बघत राहिलो. एकीलाही खोकला आला नाही. ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबर. आत्याचा चेहरा पडला, आणि ती आईला सांगू लागली की उद्या नको जाऊस, माझं ऐक. आई पाटावरून उठली आणि तिने भाकऱ्यांचं पीठ काढलं. बाबा ओटीवरून आत आले, दारात उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. ते एवढंच बोलले, "उद्या माझी पहिली पाळी आहे. बदलून मिळाली नाही." तव्यावरची तांदळाची भाकरी फुगली, मला आवडते तशी, पण मी ती तशीच ताटात सोडून उठले.

सकाळी मी आत्याच्या ताब्यात होते. आळीच्या तोंडापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर. टँकरचा आवाज आला आणि थांबला. थांबला, हीच भयंकर गोष्ट. रोज तो पुढे जायचा. मग इंजिनाचा मोठमोठा आवाज येऊ लागला, जागच्या जागी गुरगुरल्यासारखा. आत्या देवापुढे हात जोडून बसली होती, आणि मी कधी उठले, केळीतून कधी पळाले, मला कळलं नाही. आईला घरी आणायचं, एवढंच डोक्यात होतं. हाताला धरून, ओढून, रडून, कसंही.

बायका रस्त्यावर बसल्या होत्या, एकमेकींचे हात धरून. मागे कसली, आई पहिल्या ओळीत होती, ओळीच्या टोकाला, गटाराच्या कडेला. तिचा उजवा हात फिलूमावशीच्या हातात होता. डाव्या बाजूला कुणी नव्हतं. टँकरचं चाक तिच्यापासून इतकं जवळ की तिच्या पातळावर गरम हवा येत होती. पोलिसांची जीप उभी होती, आणि एक साहेब लाठी हातात घेऊन बायकांना उठा उठा म्हणत होता. तो मोटारसायकलवालाही होता. तो ड्रायव्हरला खुणा करत होता, पुढे घे, पुढे घे. टँकर वीतभर सरकायचा आणि थांबायचा.

मी आईचा डावा हात पाहिला. तो मोकळा होता. तिने तो मांडीखाली दाबला, तो निसटला. गुडघ्यावर ठेवला, तिथे तो थरथरायला लागला आणि आपोआप वर उचलला जाऊ लागला. आई समोर बघत होती, तिला ते कळतही नसावं. आजोबा म्हणाले होते तसा तो हात डोक्यावर जाणार किंवा दगडावर. दगड तिथेच पडलेले होते. मी तिला न्यायला आले होते. मी तिच्या डाव्या बाजूला, टँकरच्या अगदी पुढ्यात जाऊन बसले आणि तो हात धरला. तो हात थंडगार होता आणि घामाने ओला होता. आईला भीती वाटते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

साहेबाने लाठी उगारली आणि आमच्यासमोर रस्त्यावर आपटली. काडकन आवाज झाला. त्याच क्षणी माझा फ्रॉक भिजला. खालची तापलेली माती भिजली, ओघळ आईच्या पातळापर्यंत गेला. मी मरणाची लाजले आणि उठायला लागले. आईने माझा हात घट्ट दाबला. समोरून नजर न हटवता ती म्हणाली, "उठू नको बाय. उठलीस तर दिसेल."

मी उठले नाही.

पुढे झालं ते कुणाच्या धैर्याने झालं नाही. मी इतकी लहान आणि टँकरच्या नाकाशी इतकी चिकटून बसलेली की वर बसलेल्या ड्रायव्हरला मी दिसेनाशी झाले. पोरगी आली होती, गेली कुठे? तो दार उघडून उडी मारून खाली आला, वाकून चाकाखाली पाहिलं, मग मला पाहिलं, आणि त्याचे ओठ पांढरे पडले. मोटारसायकलवाला ओरडला, चढ वर. ड्रायव्हर म्हणाला, "नीचे बच्ची है. मैं नहीं चलाएगा." आणि तो मोरीच्या कट्ट्यावर जाऊन बसला. त्याने बिडी काढली, पण काडी पेटवता येईना, इतका त्याचा हात हलत होता. त्या रस्त्यावर त्या सकाळी सगळ्यांचेच हात हलत होते. साहेबाने थोडा वेळ आरडाओरडा केला आणि मग टँकर मागे न्यायला सांगितलं. आम्ही तशाच बसलेल्या असताना कुठल्याशा साप्ताहिकाच्या माणसाने आमचा फोटो काढला.

टँकर त्या उन्हाळ्यापुरते बंद झाले. नंतर दुसऱ्या वाटेने आले, बायका पुन्हा बसल्या, असं बरीच वर्षं चाललं. मी पुढचं वर्षभर शाळेत रोज फिलूमावशीच्या मुलींबरोबर गेले, आणि मागे मोटारसायकल वाजली की केळीत शिरायचे. बावखल आता अर्धं बुजलं आहे आणि विहिरीच्या पाण्यात डाळ अजून शिजत नाही. जिंकलो का, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून घरात मला कुणी भित्री म्हटलं नाही. त्याचं मला तेव्हा फार नवल वाटायचं, कारण खरं काय ते आईला माहीत होतं. तिने ते आत्यालाही सांगितलं नाही. पातळ आणि फ्रॉक तिने स्वतः धुतले.

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी पुन्हा त्या चौकीत गेले. आजोबा केव्हाच गेले. पोलिसाला नवा रंग दिला आहे, डोळे तेच आहेत. बरणी आता घट्ट झाकणाची आहे. आणि दाराजवळ, आजोबांनी कधीतरी साप्ताहिकातून कापून लावलेला आमचा तो फोटो आता चौकटीत बसवला आहे. खाली सुबक अक्षरांत लिहिलं आहे, "पाण्यासाठी चिखलात ठाण मांडून बसलेल्या वसईच्या भगिनी." मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

शाळेची सहल आली होती. एक चिमुरडी त्या पोलिसाला पाहून बाईंच्या ओढणीत शिरली होती, आणि बाई तिला समजावत होत्या की हे लोक मुळीच घाबरत नसत, शूर होते ते. त्याने ती जास्तच रडकुंडीला आली. बाई बाकीच्या मुलांना घेऊन पुढच्या खोलीत गेल्या, ती दाराशीच राहिली, पुतळ्याकडे पाठ करून, फोटोसमोर. तिने खालची ओळ बोट लावून वाचली आणि मला विचारलं, "या चिखलात का बसल्या?"

"चिखल नव्हता गं. वैशाख होता."

तिने फोटोत पाहिलं. फ्रॉक घातलेली पोरगी, तिच्याखाली काळा डाग. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. लहान मुलांना अशा गोष्टी लवकर कळतात. तिने इकडे तिकडे बघून अगदी हळू आवाजात विचारलं, "मग तुम्ही उठून पळाला नाहीत?"

"उठले असते तर सगळ्यांना दिसलं असतं ना," मी म्हटलं.

ती फिसकन हसली. मग तिने आपला हात माझ्या हातात दिला, आणि आम्ही दोघी त्या पोलिसाच्या समोरून पुढच्या खोलीत गेलो.